कितवा नंबर? इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या घरवाटप सेवेचे परीक्षण

इंग्लंडच्या मध्य भागातील ज्या शहरात मी राहते, तेथील कौन्सिल, म्हणजे स्थानिक नगरपालिका, आपली रिकामी झालेली भाड्याची घरे दर आठवड्याला एका संकेतस्थळावर जाहीर करते. यादी गुरुवारी लागते आणि सोमवारी रात्री बंद होते. तेवढ्या दिवसांत नोंदणी झालेल्या अर्जदाराने आपल्याला हव्या असलेल्या घरांवर, एका आठवड्यात जास्तीत जास्त तीन, अशी इच्छा नोंदवायची असते. येथे त्याला ‘बिड करणे’ म्हणतात, पण त्यात पैशांची बोली मुळीच नसते. भाडे आधीच ठरलेले असते आणि ते बाजारभावापेक्षा बरेच कमी असते. कौन्सिलच्या लेखी ज्याची गरज अधिक, आणि सारख्याच गरजेच्या लोकांत जो अधिक काळ थांबलेला, त्याला ते घर मिळते. मी स्वतः अर्जदार नाही. दर शनिवारी एका सामाजिक केंद्रात मोफत सल्ल्याच्या टेबलावर मी बसते, आणि गेली अडीच वर्षे एका कुटुंबाच्या अर्जाला पहिल्या पानापासून हातभार लावते आहे. या सेवेविषयी माझे जे मत झाले आहे, ते त्या अनुभवातून आणि तिच्यामागचा कायदा वाचून झाले आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून शहराचे नाव देत नाही.

कुटुंब गोव्याचे आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते, आणि त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमध्ये आलेली हजारो गोवेकर माणसे स्विंडन, लेस्टर, साउथॉल अशा ठिकाणी राहतात. हे नवरा-बायको त्यांच्यापैकीच. तो गोदामात पाळीने काम करतो, ती वृद्धाश्रमात सफाईचे काम करते. बारा वर्षांची मुलगी आणि आठ व चार वर्षांचे दोन मुलगे आहेत. खासगी भाड्याच्या दोन खोल्यांच्या (येथे खोल्या म्हणजे झोपायच्या खोल्या) फ्लॅटमध्ये पाचही जण राहतात, आणि हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीला इतकी ओल येते की कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे लागते. धाकट्याला दमा आहे. त्यांच्या पगारातून निम्म्याहून अधिक रक्कम भाड्यात जाते. कौन्सिलचे घर मिळाले तर भाडे कमी होईल हा एक भाग. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की घरमालकाने नोटीस द्यावी आणि मुलांची शाळा बदलावी लागावी, ही टांगती तलवार दूर होईल.

नोंदणीच्या पहिल्याच पायरीवर अनेक मराठी वाचकांचा गैरसमज दूर करायला हवा. कामाच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी म्हणून आलेल्या व्यक्तीच्या परवान्यावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते, आणि कौन्सिलच्या घरासाठीची प्रतीक्षायादी हा त्या निधीचाच भाग मानला जातो. कौन्सिल टॅक्स (तेथील घरपट्टी) नियमित भरला म्हणून यादीत नाव घालण्याचा हक्क मिळत नाही. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर ही अट उठते. युरोपीय पासपोर्टवर आलेल्यांपैकी ज्यांना पूर्ण ‘सेटल्ड स्टेटस’, म्हणजे ब्रेक्झिटनंतर दिलेला कायम वास्तव्याचा दर्जा, आहे ते पात्र ठरतात. ‘प्री-सेटल्ड’, म्हणजे तात्पुरता दर्जा असणाऱ्यांना मात्र नोकरीसारखा आणखी एक आधार दाखवावा लागतो. आमच्या कुटुंबात नवऱ्याचा दर्जा पूर्ण होता आणि बायकोचा अपुरा होता, तेव्हा अर्ज त्याच्या नावाने केला. संकेतस्थळावर ही माहिती आहे, पण ती अशा कायदेशीर भाषेत आहे की ज्याला तिची खरी गरज आहे त्याला ती वाचून समजणार नाही. या पायरीवर कौन्सिलने साध्या भाषेतील एक पान लिहिले, तर माझ्यासारख्यांचे निम्मे शनिवार मोकळे होतील.

पात्रतेनंतर दुसरी चाळणी स्थानिक नात्याची. 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने कौन्सिलांना आपल्या यादीत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याची बरीच मोकळीक दिली, आणि 2013 च्या सरकारी मार्गदर्शनाने किमान दोन वर्षे त्या हद्दीत राहिलेल्यांनाच घ्यावे असे सुचवले. परिणाम आकड्यांत दिसतो. 2012 मध्ये इंग्लंडभरच्या याद्यांत 18 लाखांहून अधिक कुटुंबे होती. 2018 पर्यंत ती 11 लाखांवर आली. एवढ्या लोकांना घरे मिळाली असती तर आनंदच होता, पण या घटीचे मोठे कारण नियम बदलून नावे वगळणे हे होते. काही ठिकाणी ही अट फार ताणली गेली. पश्चिम लंडनमधील हिलिंग्डन कौन्सिलने दहा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. 2019 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की त्या अटीचा फटका भटक्या आयरिश समाजाला आणि निर्वासितांना इतरांपेक्षा अधिक बसतो, आणि म्हणून ती भेदभाव करणारी ठरते. एका जागी दहा वर्षे राहता न येणे हीच ज्यांची अडचण आहे, त्यांच्याकडे दहा वर्षांचा पुरावा मागणे मलाही अन्यायाचेच वाटते. आमच्या शहराची अट दोन वर्षांची आहे. दुर्मिळ वस्तू वाटताना काही हद्द आखावी लागते, आणि दोन वर्षांची हद्द मला समजू शकते.

आता या सेवेचा गाभा, म्हणजे बँड: गरजेच्या तातडीनुसार पाडलेले अर्जदारांचे गट, पहिला सर्वांत तातडीचा. 1996 च्या गृहनिर्माण कायद्यानुसार प्रत्येक कौन्सिलला लेखी वाटप धोरण असावे लागते आणि त्या धोरणाबाहेर एकही घर देता येत नाही. बेघर असणारे, अतिगर्दीत किंवा आरोग्याला घातक अशा घरात राहणारे, आजारपण, अपंगत्व वा तशाच कारणाने जागा बदलणे ज्यांना आवश्यक आहे ते, आणि विशिष्ट भागात गेले नाही तर ज्यांचे हाल होतील ते, अशांना रास्त प्राधान्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. पण या गटांना एकमेकांच्या तुलनेत कसे तोलायचे, हे कायदा सांगत नाही. पूर्वी अनेक कौन्सिला गुण मोजत: एका कमी खोलीसाठी इतके, आजारासाठी इतके, सामाईक स्वयंपाकघरासाठी इतके. गुणपद्धत सूक्ष्म होती, पण आपले गुण कसे वाढतील याच विवंचनेत माणसे वर्षे काढत, आणि दोन गुणांच्या फरकाने घर का गेले हे कोणालाही नीट समजावता येत नसे. म्हणून आता बहुतेक ठिकाणी चार-पाच ढोबळ बँड असतात आणि बँडच्या आत नोंदणीची तारीख निर्णायक ठरते.

ढोबळपणाची ही किंमत न्यायालयातही तोलली गेली आहे. पूर्व लंडनमधील न्यूहॅमच्या धोरणात प्राधान्य गटातील बहुतेक अर्जदारांचा क्रम गरजेच्या तीव्रतेवर न लावता प्रतीक्षेच्या काळावर लावला जाई. ज्या कुटुंबाला एकाच वेळी अनेक अडचणी आहेत, त्याला एकच अडचण असलेल्या कुटुंबामागे थांबवणे बरोबर नाही, असे खालच्या न्यायालयांनी म्हटले. 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निर्णय फिरवला. वाटपाचे कोणतेही धोरण काहींना निराश करणारच, ते कसे असावे हे ठरवणे निवडून आलेल्या कौन्सिलचे काम आहे, आणि समजायला सोपी असलेली पद्धत केवळ ढोबळ आहे म्हणून बेकायदा होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मी हा निकाल दोनदा वाचला. पहिल्या वेळी राग आला होता. दुसऱ्या वेळी, टेबलावर समोर बसलेल्यांना त्यांचा बँड समजावून सांगण्याचा सराव झाल्यावर, त्यातले शहाणपण पटले. ज्या माणसाला घर मिळत नाही, त्याला ते का मिळत नाही हे तरी त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे, आणि बँडपद्धतीत ते सांगता येते.

आमच्या कुटुंबाला खोल्यांच्या हिशोबात तिसरा बँड मिळाला. दांपत्याला एक खोली, दहा वर्षांवरील मुलीला वेगळी, दोन मुलग्यांना मिळून एक, अशी तीन खोल्यांची गरज धरली गेली. आहेत दोन, म्हणजे एक कमी. दुसऱ्या बँडसाठी दोन खोल्या कमी असाव्या लागतात. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. इंग्लंडच्या कायद्यात अतिगर्दीची जी वैधानिक व्याख्या आजही आहे, तिचे माप मुळात 1935 च्या कायद्यातले आहे. त्या मापात दिवाणखानाही झोपायची खोली म्हणून मोजतात, दहा वर्षांखालचे मूल अर्धे माणूस धरतात आणि एक वर्षाखालचे बाळ मोजतच नाहीत. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे माप ओळखीचे वाटेल. पण त्या ओळखीमुळे ते योग्य ठरत नाही. आमच्या कौन्सिलने स्वतःच्या धोरणात याहून उदार माप घेतले आहे, आणि त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

वैद्यकीय निकषाचा अनुभव मात्र कष्टाचा होता. फॉर्ममध्ये आजाराचे नाव, औषधे, डॉक्टरचा पत्ता असे सगळे विचारतात, आणि अर्जदार साहजिकच आजार किती गंभीर आहे हे लिहितो. कौन्सिलला जाणून घ्यायचे असते ते निराळेच: हे घर त्या आजाराला किती वाढवते, आणि दुसऱ्या घरात गेल्याने किती फरक पडेल. हा प्रश्न फॉर्मवर कोठेही सरळ विचारलेला नाही. आम्ही पहिल्यांदा मुलाच्या दम्याविषयी दोन पाने लिहिली, आणि चार महिन्यांनी तीन ओळींचे नकाराचे पत्र आले. मग फेरविचाराची मागणी केली. त्या वेळी छातीच्या दवाखान्यातील परिचारिकेचे पत्र जोडले, ज्यात कोणत्या महिन्यांत किती वेळा तातडीच्या विभागात आणावे लागले हे होते, आणि कौन्सिलच्याच पर्यावरण आरोग्य विभागाच्या पाहणीचा ओलीविषयीचा अहवाल जोडला. पाच आठवड्यांत दुसरा बँड मिळाला. वस्तुस्थिती दोन्ही वेळा एकच होती. ज्या कुटुंबाच्या बाजूला फॉर्म वाचता येणारे कोणी नाही, त्याचा मुलगा तिसऱ्या बँडमध्येच राहिला असता, ही गोष्ट मला सर्वांत अधिक टोचते. या पायरीला मी पाचपैकी दोनच गुण देईन, आणि ते फेरविचार करणाऱ्या अधिकारी बाईंनी फोनवर दाखवलेल्या धीराला.

बिड करण्याचा भाग तांत्रिकदृष्ट्या चांगला चालतो. मोबाइलवर पान नीट उघडते, घराचा मजला, लिफ्ट, उष्णतेची सोय, साप्ताहिक भाडे, वयाची अट, चाकाच्या खुर्चीसाठी बदल केले आहेत का, हे सर्व स्पष्ट दिलेले असते. ज्यांना संगणक जमत नाही त्यांच्यासाठी आपोआप बिड लावण्याची सोय आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. आणखी एक सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे: गुरुवारी यादी लागताच बिड केले तर पुढचा नंबर मिळतो असे नाही. सोमवारी रात्रीपर्यंत केव्हाही केले तरी क्रम बँड आणि तारखेवरूनच लागतो. मी हे सांगूनही आमच्या कुटुंबातली ती माउली गुरुवारी कामावरून सुटताच बसथांब्यावर उभी राहून बिड करते आणि मला फोन करते: “ताई, आज कितवा नंबर?” पानावर त्या क्षणाचा क्रमांक दिसतो. तिसऱ्या बँडमध्ये तो कधी 140, कधी 200 च्या वर असे. दुसऱ्यात आल्यापासून 30 ते 60 च्या दरम्यान असतो.

ही सगळी पद्धत नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात 1990 च्या सुमारास सुरू झाली आणि 2000 नंतर सरकारच्या पाठबळाने इंग्लंडभर पसरली. तोवर घर देणारा अधिकारी आपल्या टेबलावर अर्ज आणि चाव्या घेऊन बसे आणि कोणाला कोणती इमारत द्यायची ते ठरवी. त्या बंद खोलीत काय होत असे, याची एक नोंद लंडनमधील हॅकनीची आहे: तेथील वाटपाची चौकशी वांशिक समानता आयोगाने केली आणि 1984 मध्ये असा निष्कर्ष दिला की कृष्णवर्णीय अर्जदारांना पद्धतशीरपणे कमी दर्जाची घरे मिळत होती. कोणी लेखी तसा आदेश दिला होता असे नाही. लहान लहान निर्णयांची बेरीज तशी होत होती. म्हणून आजच्या संकेतस्थळावरील जे पान बहुतेक अर्जदार उघडतही नाहीत, ते मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटते. त्या पानावर मागील आठवड्यातील प्रत्येक घर कोणत्या बँडमधील, कोणत्या तारखेच्या अर्जदाराला गेले, आणि त्यावर एकूण किती बिड आले, हे नावाशिवाय छापलेले असते. कोणीही ते तपासू शकतो. वशिल्याची शंका घेणाऱ्या कितीतरी माणसांना मी हे पान दाखवले आहे, आणि महिनाभर आकडे ताडून पाहिल्यावर त्यांची शंका गेली आहे. परदेशातून आलेल्यांना रांग सोडून घरे देतात, असे स्थानिक गोऱ्या वृद्धांच्या तोंडून ऐकू येते, त्यालाही या पानाइतके शांत उत्तर दुसरे नाही. येथे पाचपैकी पाच.

आणि तरीही हेच पान नीट वाचले तर सेवेतील मोठी उणीव हाती लागते. गेल्या वर्षभरात तीन खोल्यांची घरे दुसऱ्या बँडमधील ज्या अर्जदारांना गेली, त्यांच्या तारखा मी वहीत उतरवल्या. बहुतेक जण सहा ते आठ वर्षांपूर्वी नोंदलेले होते. तिसऱ्या बँडला त्या वर्षात तीन खोल्यांचे एकही घर गेले नव्हते. म्हणजे तिसऱ्या बँडमध्ये तीन खोल्यांसाठी दर गुरुवारी बिड करणाऱ्या शेकडो कुटुंबांना घर मिळण्याची शक्यता जवळपास शून्य होती, आणि हे कौन्सिलला माहीत होते, कारण आकडे तिचेच आहेत. पण नोंदणीच्या पत्रात ‘तुमच्या आवडीचे घर निवडा’ असे शब्द आहेत. निवड या शब्दाने माणूस आशेला लागतो. त्या आशेवर तो खासगी घरातली दुरुस्ती मागण्याचे टाळतो, दुसऱ्या स्वस्त गावात जाण्याचा विचार पुढे ढकलतो, मुलांच्या शाळेचा निर्णय अडकवून ठेवतो. नोंदणीच्याच दिवशी ‘तुमच्या बँडला, तुम्हाला लागणाऱ्या आकाराच्या घरासाठी, गेल्या वर्षी इतके थांबावे लागले’ एवढे एक वाक्य पत्रात घातले, तर त्याच्या हातात ठरवण्यासाठी काही तरी राहील. माझा या सेवेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. रांग प्रामाणिक आहे, पण रांगेची लांबी सांगण्यात प्रामाणिकपणा नाही.

येथे मला म्हाडाच्या सोडतीची आठवण होते. माझ्या आत्याने तीन वेळा अर्ज भरला होता आणि तिन्ही वेळा तिचे नाव लागले नाही. सोडतीत गरज तोलली जात नाही. उत्पन्न गट आणि आरक्षणाचा प्रवर्ग ठरला की त्यातील सर्व अर्ज सारखे. ज्याच्याकडे राहायला बरे भाड्याचे घर आहे आणि ज्याच्या घरात सात माणसे एका खोलीत झोपतात, त्या दोघांचा अर्ज एकाच डब्यात. शिवाय ते घर विकत घ्यायचे असते, त्यामुळे नाव लागूनही कर्ज न मिळाल्याने घर सोडून द्यावे लागते. या दृष्टीने इंग्लंडची पद्धत निःसंशय अधिक माणुसकीची आहे. पण 2024 मध्ये मुंबई मंडळाच्या 2,030 घरांसाठी 1 लाख 13 हजारांहून अधिक अर्ज आले, 8 ऑक्टोबरला सोडत निघाली, आणि त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाला आपले उत्तर कळले. अनामत रक्कम परत आली आणि आत्यासारखी माणसे पुढच्या विचाराला मोकळी झाली. इंग्लंडची रांग कोणालाही ‘नाही’ म्हणत नाही. ती वर्षानुवर्षे ‘अजून नाही’ एवढेच म्हणते.

हे दुर्भिक्ष्य कौन्सिलच्या कारकुनाने निर्माण केलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना राहते कौन्सिल घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला, आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये जवळपास 20 लाख घरे सार्वजनिक मालकीतून गेली. ज्यांनी ती घेतली त्यांच्या आयुष्याला स्थैर्य आले, आणि त्याबद्दल मला त्यांना दोष द्यायचा नाही. पण विक्रीच्या पैशांतून तेवढीच नवी घरे बांधण्याची मोकळीक कौन्सिलांना दिली गेली नाही. स्कॉटलंडने हा हक्क 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये बंद केला. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये सवलतीची कमाल मर्यादा खूप खाली आणली, तोवर चाळीसहून अधिक वर्षे गेली होती. आज इंग्लंडच्या याद्यांत 13 लाखांहून अधिक कुटुंबे आहेत, आणि वर्षभरात भाड्याने दिली जाणारी सामाजिक घरे, हाउसिंग असोसिएशन म्हणतात त्या ना-नफा संस्थांची धरूनही, साधारण अडीच लाख आहेत. ती सर्वत्र सारखी विखुरलेली नाहीत, आणि त्यांत एका खोलीच्या घरांचे प्रमाण मोठे आहे. एकटा वृद्ध अर्जदार काही महिन्यांत घरात जातो आणि तीन मुलांचे कुटुंब आठ वर्षे थांबते, याचे कारण त्यात आहे.

बेघर होण्याच्या वाटेविषयी थोडे लिहिते, कारण सल्ल्याच्या टेबलावर हा प्रश्न दर आठवड्याला येतो: घर सोडून कौन्सिलच्या दारात जाऊन बसलो तर लवकर मिळेल का? तसे करू नये. स्वतःहून घर सोडले असे ठरले, तर कौन्सिलवरची मुख्य जबाबदारीच संपू शकते. 2018 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार घर जाण्याची शक्यता 56 दिवसांवर आली की कौन्सिलने मदत सुरू करायची असते; तेव्हा नोटीस हाती पडताच जावे. मुले असलेल्या कुटुंबाला हॉटेलवजा खोलीत सहा आठवड्यांहून अधिक ठेवू नये असा नियम आहे, पण तो अनेक ठिकाणी पाळला जात नाही. 31 मार्च 2025 रोजी इंग्लंडमध्ये 1 लाख 31 हजार कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात होती आणि त्यांत 1 लाख 69 हजार मुले होती. शेवटी जे घर देऊ केले जाते ते बहुतेकदा एकच आणि अंतिम असते, आणि खासगी घरमालकाचेही असू शकते. ते पसंत नसले तरी नाकारू नये. आधी स्वीकारावे, राहायला जावे, आणि 21 दिवसांच्या आत त्याच्या योग्यायोग्यतेचा फेरविचार मागावा. कायद्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. हे न समजल्यामुळे एका बाईने चौथ्या मजल्यावरचे घर नाकारले आणि तिचा पुढचा सारा हक्क गेला, हे मी डोळ्यांसमोर पाहिले आहे. पत्रात ही सूचना होती, पण तिसऱ्या पानावर.

आमच्या कुटुंबाने या उन्हाळ्यात एक बदल केला. बागेचे, खाली स्वतंत्र दार असलेले घर मिळावे ही त्यांची साहजिक इच्छा होती, आणि बिड तशाच घरांवर होत असे. वहीतल्या तारखा समोर ठेवून मी त्यांना दाखवले की उंच इमारतींमधील वरच्या मजल्यांवरच्या तीन खोल्या दोन-तीन वर्षे आधी मिळतात, कारण त्यांवर बिड कमी येतात. नवरा गप्प बसला. डिचोलीला घरासमोर अंगण आणि तुळस होती, असे एवढेच म्हणाला. मुलीने मात्र वही स्वतःकडे ओढून घेतली आणि आता तारखा तीच उतरवते. गेल्या गुरुवारी नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटवर त्यांचा नंबर अकरावा होता. नोंदणीचे वार्षिक नूतनीकरण फेब्रुवारीत आहे. ते चुकले तर नाव यादीतून निघते आणि जुनी तारीख परत मिळत नाही, म्हणून पगाराच्या पावत्या, मुलांच्या शाळेची पत्रे आणि दवाखान्याचे नवे पत्र मी डिसेंबरमध्येच गोळा करायला सांगितले आहे.